नव्या इंजिनाचा ताप

जुन्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन उतरवून पुन्हा बांधून घ्यायचे म्हणजे काही महिन्यांचा मामला. ब्लॉक बोअरिंगला जातो, पिस्टन आणि रिंगा नव्या पडतात, हेडचे फेसिंग होते, बेअरिंगे, गॅस्केटे, वॉटर पंप सगळे नवे येते. मग एके दिवशी इंजिन सुरू होते, आवाज सुरेल लागतो, सगळे खूश होतात आणि वीस मिनिटांनी तापमानाचा काटा मधली रेघ ओलांडून लाल पट्ट्याकडे सरकू लागतो.

गॅरेजमध्ये तोवर मते तयार असतात. ‘नवीन आहे, टाइट आहे, हजार किलोमीटर गेले की मोकळे होईल’ हे पहिले. ‘रेडिएटरच बदला’ हे दुसरे. ‘थर्मोस्टॅट काढून फेका’ हे तिसरे आणि बहुधा सर्वांत लोकप्रिय. तिन्हींत थोडेथोडे तथ्य आहे, पण यातले एकही निदान नाही. ताप आला म्हणून मलेरिया, टायफॉइड आणि डेंग्यूची औषधे एकदमच सुरू करणाऱ्या डॉक्टरकडे आपण पुन्हा जाणार नाही. इंजिनाच्या बाबतीत मात्र एकेक सुटा भाग बदलत जाण्यालाच निदान म्हणायची पद्धत पडली आहे.

इथे घाई महागात पडते, कारण पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. ४०० मिलिमीटर लांबीचे हेड ८० अंशांनी तापले, तर ते सुमारे पाऊण मिलिमीटर वाढू पाहते आणि खालचा ब्लॉक जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर. हा फरक दोघांमध्ये दबलेले गॅस्केट रोज सहन करत असते. तापमान मर्यादेबाहेर गेले, की बोल्टांनी जखडलेले हेड मधोमध वाकते. हेडच्या सपाटपणात साधारणपणे ०.०५ मिलिमीटरहून जास्त फरक चालत नाही. म्हणजे केसाच्या जाडीइतका बाकसुद्धा फार झाला. एकदा नीट उकळलेले नवे इंजिन पुन्हा उघडावे लागण्याची शक्यता मोठी असते, आणि तोवर बोअरिंगचे पैसे देऊन झालेले असतात.

मुळात इतकी उष्णता येते कुठून? ताशी पाच लिटर पेट्रोल जाळणाऱ्या इंजिनात सुमारे ४४ किलोवॉट एवढ्या दराने ऊर्जा मोकळी होते. ढोबळ मानाने तिचा एक तृतीयांश भाग चाकांपर्यंत जाण्याच्या कामी येतो, एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर पडतो आणि उरलेला तिसरा हिस्सा पाण्यातून रेडिएटरला टाकावा लागतो. हा हिस्सा सुमारे १५ किलोवॉट, म्हणजे बाथरूममधले दोन किलोवॉटचे सात गिझर एकाच वेळी चालू ठेवल्यासारखे. पाणी फिरायचे थांबले तर एवढी उष्णता पाच-सहा लिटर पाणी आणि शंभर किलोच्या आसपास धातू यांचे तापमान मिनिटाला दहा-बारा अंशांनी वाढवते. काट्याकडे लक्ष नसलेल्या चालकाच्या हातात दोनच मिनिटे असतात.

‘टाइट इंजिन’ या कारणाचा हिशोबही याच आकड्यांत लागतो. नव्या रिंगा आणि होनिंगच्या ताज्या रेघा एकमेकींवर घासतात, त्यामुळे पहिले काही शे किलोमीटर घर्षण जास्त असते, हे खरे. पण घर्षणावर जाणारा वाटा मुळात इंधनाच्या ऊर्जेच्या काही टक्क्यांचा. तो थोडा वाढला म्हणून काटा एखादी रेघ वर राहील, पाणी उकळणार नाही. घाटात चौघांना घेऊन चढण्यासाठी बनवलेल्या रेडिएटरला ही भर जड जात नाही. घर्षणामुळेच इंजिन उकळत असेल तर ते ‘मोकळे होण्याची’ वाट पाहू नये, कारण कुठेतरी माप चुकले आहे. रिंगेच्या तोंडातली फट बोअरच्या दर इंचाला सुमारे चार हजारांश इंच ठेवतात. ६८ मिलिमीटरच्या बोअरला ती पाव मिलिमीटरच्या थोडी वर येते. ती कमी ठेवली तर तापल्यावर रिंगेची टोके एकमेकांना भिडतात आणि सिलिंडर ओरबाडला जातो.

काटा खरे बोलतो आहे का, हा पहिला प्रश्न. डॅशबोर्डवरचा काटा म्हणजे थर्मामीटर नव्हे. सेन्सरचा विद्युतरोध बदलतो आणि त्याप्रमाणे काटा हलतो. इंजिन बांधताना दुसऱ्याच गाडीचा सेन्सर बसवला तर पाणी ८५ अंशांवर असतानाही काटा लाल पट्ट्यात जाऊ शकतो. उलट, सेन्सरच्या आट्यांवर भरपूर टेफ्लॉन टेप गुंडाळली तर अर्थिंग नीट मिळत नाही आणि काटा खाली राहतो, इंजिन मात्र आत शिजत असते. म्हणून दुसऱ्या साधनाने मोजावे. हल्ली बहुतेक गॅरेजमध्ये इन्फ्रारेड थर्मामीटर असतो, तोच जो कोविडच्या काळात कपाळाकडे रोखला जात होता. त्याची एक खोड माहीत हवी: चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर रोखला तर तो बराच कमी आकडा दाखवतो, कारण चकचकीत पृष्ठभाग स्वतः फारसे अवरक्त किरण सोडत नाही. थर्मोस्टॅटच्या घरट्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर मोजले, की आकडा विश्वासाचा मिळतो.

मग किती तापमान जास्त म्हणायचे? समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, १३५० मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात ९५-९६ अंशांनाच. पण रेडिएटरचे झाकण हे प्रेशर कुकरच्या शिट्टीचेच भावंड. सात पौंडांचे झाकण पाण्याचा उत्कलनबिंदू ११२ अंशांच्या आसपास नेते, पंधरा पौंडांचे १२० अंशांपर्यंत. आकडा झाकणावर छापलेला असतो. म्हणजे ९५ अंशांवर गाडी पाणी बाहेर मारत असेल तर दोष इंजिनाचा नसून झाकणाच्या थकलेल्या स्प्रिंगचा किंवा कडक झालेल्या रबराचा असू शकतो. सगळे इंजिन नवे बांधून झाकण तेवढे जुने ठेवण्याचा प्रकार हटकून घडतो.

तापमान खरेच जास्त आहे हे ठरले, की गाडी कधी तापते ते विचारायचे. डॉक्टर ‘ताप कधी येतो, थंडी वाजून येतो का’ असे विचारतात, तसेच हे. सिग्नलला उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, तर हवेचा प्रश्न आहे. वेगात वाऱ्याचे काम आपोआप होते, उभ्या गाडीला पंख्यावरच भिस्त ठेवावी लागते. पट्टा सैल असेल, पंख्याचे पाते उलटे बसले असेल, विजेवरच्या पंख्याच्या दोन तारा अदलाबदल होऊन तो हवा ओढण्याऐवजी पुढे ढकलत असेल. तपासायला वर्तमानपत्राचा कागद पुरतो. इंजिन चालू असताना तो समोरून रेडिएटरच्या जाळीला चिकटून राहिला पाहिजे. याउलट, शहरात ठीक आणि द्रुतगती मार्गावर तापते, तर पाणी पुरेसे फिरत नाही किंवा रेडिएटर अर्धा बुजलेला आहे. इथे खालच्या होजकडे बघावे. पंप याच नळीतून पाणी खेचतो. आत स्प्रिंग नसलेली मऊ नळी जास्त वेगाला स्ट्रॉसारखी चपटी होते आणि इंजिन थांबवून बॉनेट उघडेपर्यंत पुन्हा गोल झालेली असते, त्यामुळे कोणाला दिसतच नाही. आणि थंड इंजिन सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच काटा वर गेला, तर संशय हवेच्या फुग्यावर, थर्मोस्टॅटवर आणि हेड गॅस्केटवर.

नव्या बांधलेल्या इंजिनात हवेचा फुगा हा सर्वांत नेहमीचा आणि सर्वांत स्वस्त दोष आहे. ब्लॉक पूर्ण कोरडा झालेला असतो. वरून पाणी ओतले तर ते खालून भरत येते, पण हेडच्या वरच्या कप्प्यात, हीटरच्या नळीत, थर्मोस्टॅटच्या खाली हवा अडकते. पाणी धातूला टेकलेले असले की उष्णता उचलून नेते. हवा किंवा वाफ तसे करू शकत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भोवती असा फुगा बसला तर तेवढाच भाग भाजून निघतो, तिथल्या पाण्याची वाफ होते आणि फुगा आणखी मोठा होतो. गंमत अशी, की सेन्सरच फुग्यात असेल तर काटा आधी खाली राहतो आणि मग एकदम उडी मारतो. असा उड्या मारणारा काटा दिसला, की आधी हवा काढावी. त्यासाठी गाडीचे नाक चढावर करून उभी करायची, हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा, रेडिएटर भरून झाकण उघडेच ठेवून थंड इंजिन सुरू करायचे, वरची नळी हाताने दाबत राहायचे आणि बुडबुडे थांबेपर्यंत पाणी टाकत राहायचे. हे थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालते. घाई केली तर अर्धा लिटर हवा आत राहतेच.

थर्मोस्टॅटबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण आपल्याकडे त्याच्यावर फार अन्याय होतो. पितळेच्या छोट्या कुपीत मेण भरलेले असते. ८२ ते ८८ अंशांच्या आसपास ते वितळून फुगते, दांडी ढकलते आणि रेडिएटरचा रस्ता उघडतो. वीज नाही, तार नाही, नव्वदएक वर्षे ही युक्ती तशीच चालू आहे. तो काढून टाकला तर इंजिन हिवाळ्यात थंडच चालते, पेट्रोल जास्त खाते आणि नव्या रिंगा नीट बसत नाहीत. काही इंजिनांत तर बायपासचा रस्ता कायमचा उघडा राहून बरेचसे पाणी रेडिएटरला वळसा घालून परत फिरते. संशय असेल तर थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडावा, शेजारी थर्मामीटर धरावा आणि गॅस लावावा. कधी उघडतो ते डोळ्यांनी दिसते. बसवताना मेणाची कुपी इंजिनाकडे हवी आणि चकतीत बारीक भोक असेल तर ते वरच्या बाजूला, म्हणजे अडकलेली हवा त्यातून निघून जाते. उलटा बसलेला थर्मोस्टॅट उघडतो, पण फार उशिरा.

हे सगळे बाहेरून तपासता येते. खरी काळजी आत राहून गेलेल्या गोष्टींची.

हेड गॅस्केट म्हणजे नुसती चकती नव्हे, पाण्याची वाहतूक ठरवणारा तो नकाशा असतो. कुठले भोक मोठे, कुठले लहान, कुठले मुद्दाम बंद, यावरून पाणी सगळ्या सिलिंडरांना सारखे मिळते. याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेत १९६०च्या दशकात आलेल्या फोर्डच्या लहान व्ही-८ इंजिनांचे. त्यांत पाणी ब्लॉकमधून मागच्या टोकापर्यंत जाते, तिथून वर चढते आणि हेडमधून पुढे येते. म्हणून गॅस्केटची मोठी भोके मागच्या बाजूला हवीत. गॅस्केटवर ‘फ्रंट’ असे ठसठशीत छापलेले असूनही ते उलटे बसवले जाते. मग पाणी पुढच्याच भोकांतून वर उडी मारून सरळ बाहेर पडते आणि मागच्या सिलिंडरांना थेंब थेंब मिळते. तेल गळत नाही, पाणी गळत नाही, पंप उत्तम, रेडिएटर नवा, तरी इंजिन तापतेच. आपल्याकडच्या चार सिलिंडरी इंजिनांना लागू पडणारा धडा एवढाच, की हेड ठेवण्याआधी नवे गॅस्केट ब्लॉकवर ठेवून एकेक भोक जुळवून पाहावे. तेवढी दोन मिनिटे कोणी देत नाही.

दुसरी राहून जाणारी गोष्ट म्हणजे गाळ. बोअरिंगवाला सिलिंडर आरशासारखा करून देतो, पण सिलिंडरच्या बाहेरून पाणी फिरणारी पोकळी, म्हणजे वॉटर जॅकेट, त्याच्या कामात येत नाही. तीसचाळीस वर्षे बोअरवेलचे किंवा विहिरीचे पाणी प्यायलेल्या ब्लॉकमध्ये गंज आणि क्षार यांचा थर बसतो, विशेषतः मागच्या सिलिंडरच्या तळाशी. स्टीलच्या तपेलीत पाणी तापवल्यावर राहणारा पांढरा थर तोच हा. क्षारांचा हा थर बिडाच्या तुलनेत उष्णता फारच कमी वाहून नेतो. ब्लॉकच्या बाजूला गोल पत्र्याची झाकणे ठोकलेली असतात, त्यांना गॅरेजमध्ये ‘डमी’ म्हणतात. इंजिन सुटे असतानाच त्या काढून आत तार आणि जोराचे पाणी मारले तर गाळ निघतो. इंजिन गाडीत चढल्यावर हेच काम दसपट अवघड होते. शिवाय सुटलेला गाळ नव्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. तापलेल्या रेडिएटरवर इन्फ्रारेड थर्मामीटर आडवा-उभा फिरवला आणि मध्येच एखादा पट्टा थंड लागला, तर तिथल्या नळ्या बुजल्या आहेत असे समजावे.

हेड गॅस्केट फुटले किंवा नीट दबले नाही, तर सिलिंडरमधला जळलेला वायू पाण्यात शिरतो. वरची नळी थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच दगडासारखी कडक होते, रेडिएटरमध्ये बुडबुडे थांबतच नाहीत. याची परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेतून आलेली आहे. ब्रोमोथायमॉल ब्लू या निळ्या द्रावणात स्ट्रॉने फुंकर मारली, की श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ते पिवळे पडते, हा प्रयोग अनेकांनी केला असेल. पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण श्वासाच्या तिप्पट असते. रेडिएटरच्या तोंडावर ही निळी नळी बसवून पाण्यावरची हवा तिच्यातून ओढायची. रंग पिवळा झाला तर गॅस्केट, हेड किंवा ब्लॉक यांपैकी काहीतरी फुटले आहे. मात्र रक्ताच्या तपासणीसारखेच इथेही आहे. पिवळा रंग खात्रीचा, पण एकदा निळा राहिला म्हणून निश्चिंत होता येत नाही. काही चिरा फक्त चढावर, भार आल्यावरच उघडतात. म्हणून संशय असेल तर गाडी चांगली फिरवून आणून पुन्हा तपासतात.

आणि एवढे सगळे ठीक निघाले तर? मग पाण्याचा नाद सोडून ठिणगीकडे वळावे. हे कारण सर्वांत जास्त विसरले जाते. पिस्टन वर पोहोचण्याच्या थोडे आधी ठिणगी पडली, तर जळालेला वायू पिस्टनला पूर्ण ढकलून, बराच निवून बाहेर जातो. डिस्ट्रिब्युटर एक दाता सरकून बसला, किंवा व्हॅक्यूमची छोटी नळी जोडायची राहिली, तर ठिणगी उशिरा पडते. जाळ एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत चालूच राहतो आणि ती उष्णता कामाऐवजी हेडमध्ये शिरते. गाडीला ओढ कमी, एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड अंधारात लालसर दिसतो आणि काटा वर. कानाने लावलेले टायमिंग जुन्या इंजिनाला चालून जाते. नव्याला स्ट्रोब दिवा लावूनच पाहावे. कार्बोरेटरच्या बुडाशी हवा ओढणारी फट राहिली असेल तर मिश्रण पातळ होऊनही असेच तापते. पद्मिनीसारख्या गाड्यांत रेडिएटर दोनदा बदलून झाल्यावर शेवटी दोष डिस्ट्रिब्युटरमध्ये सापडणे हे काही नवल नव्हे.

या सगळ्या तपासणीत माणसाला इजा होऊ शकते अशा दोन जागा आहेत. पहिली अर्थातच झाकण. दाबाखाली ११५ अंशांवर असलेले पाणी झाकण उघडताच उसळते. त्यातल्या दर लिटरमागे साधारण पंचेचाळीस लिटर वाफ क्षणात तयार होते आणि उरलेले उकळते पाणी ती चेहऱ्यावर, हातांवर उडवते. वरची नळी हाताने सहज दाबली जात नाही, तोवर झाकणाला हात लावू नये. ओले फडके टाकून उघडण्याची पद्धतही भरवशाची नाही. भाजलेच तर वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरणे हाच पहिला उपचार. बर्फ, टूथपेस्ट, हळद यांतले काहीही नको. चेहरा किंवा डोळे भाजले असतील, तर पाणी मारत थेट रुग्णालय गाठावे.

दुसरी जागा कूलंट. डिस्टिल्ड पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल अर्धे-अर्धे मिसळले तर उत्कलनबिंदू वाढतो, गंज थांबतो, पंपाचे सील टिकते. उष्णता वाहून नेण्यात मात्र निव्वळ पाणीच सरस, त्यामुळे ‘जास्त कूलंट म्हणजे जास्त गार’ हा समज उलटा आहे. पण ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते. यकृतात त्याचे ऑक्झॅलिक आम्ल बनते आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचून ते निकामी होऊ शकते. हवा काढताना परातीत जमलेले हिरवे किंवा गुलाबी पाणी अंगणात तसेच ठेवले, तर मांजर-कुत्रे चाटतात, लहान मूल सरबत समजते. पोटात गेल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे, कारण फोमेपिझोलसारखा उतारा लवकर दिला तरच मूत्रपिंड वाचते. जुने कूलंट कोल्ड्रिंकच्या बाटलीत तर कधीच भरू नये.

निदान होऊन दोष दुरुस्त झाला, की परीक्षा घ्यावी ती टप्प्याटप्प्याने. आधी उभ्या गाडीत, पंखा चालू असताना अर्धा तास. मग सपाट रस्त्यावर, वेग सतत बदलत. खोपोलीहून वर चढणारा बोरघाट सगळ्यात शेवटी. एकेकाळी या घाटात दर वळणावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आणि बाटल्यांतून पाणी आणणारे प्रवासी हे नेहमीचे दृश्य होते. त्यांतल्या कितीतरी गाड्या नुकत्याच बांधून आलेल्या असत. चढताना दर काही मिनिटांनी काटा पाहावा. तो थोडा वर जाऊन थांबला आणि सपाटीला लागताच खाली आला, तर रेडिएटर आपले काम करतो आहे. तो न थांबता चढतच राहिला, तर बाजूला घेऊन हीटर पूर्ण चालू करावा. इंजिन ताबडतोब बंद न करता मिनिट-दोन मिनिटे हलक्या वेगावर ठेवावे, म्हणजे पंप आणि पंखा फिरत राहतात. पाणी बाहेर पडू लागले असेल, तर मात्र लगेच बंद करावे. पहिल्या पाचशे ते हजार किलोमीटरनंतर इंजिन पूर्ण थंड असताना, गॅस्केट बनवणाऱ्याने तसे सांगितले असेल तर, हेडचे बोल्ट टॉर्क पान्याने ठरलेल्या क्रमाने पुन्हा तपासून घ्यायचे आणि तेल बदलायचे. पाण्याची पातळी मात्र पहिले आठ-दहा दिवस रोज सकाळी, गाडी सुरू करण्याआधी पाहायची.